चेंडू, मी सांगेन तेव्हा

उत्तरेश्वर लोमटे गोल्फ शिकायला लागला, ही बातमी चंदननगरच्या त्याच्या सोसायटीत पसरायला एक दुपार पुरली. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, कळंब तालुक्यातला माणूस, आणि गोल्फ म्हणे. लोकांना हसायला आणखी काय हवं? पण खरं सांगायचं तर त्यात बिचाऱ्याचा काडीचा दोष नव्हता. गोल्फ त्यानं मागितला नव्हता. नवी खुर्ची आणि कंपनीचा मोबाइल आला तसा तोही बढतीबरोबर आला होता.

भोसरीच्या ज्या कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा तो बंद पडला आणि ऐन चाळिशीत उत्तरेश्वर घरी बसला. मग खराडीत एक सॉफ्टवेअर कंपनी उघडली. तिथल्या पोरांना कॉम्प्युटरमधलं सगळं कळायचं, पण एसी गळायला लागला की हाक कुणाला मारायची हे एकालाही ठाऊक नव्हतं. खुर्च्या, बस, कँटीन, पाण्याचे टँकर बघायला त्यांना एक जुना माणूस हवा होता. उत्तरेश्वर लागला आणि टिकला. दोन हजार सहाच्या सुमाराला तो तिथल्या सगळ्या व्यवस्थेचा प्रमुख झाला.

त्याचा साहेब होता तेजस. वय तिशीच्या आतबाहेर. पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं होतं की आपल्याकडे सर-बिर चालत नाही, तेजस म्हणायचं. आता ज्याच्या सहीनं आपला पगार होतो त्याला नुसतं तेजस कसं म्हणायचं, हे उत्तरेश्वरला शेवटपर्यंत उमगलं नाही. त्यानं मधला मार्ग काढला. तो साहेबाला काहीच म्हणत नसे. आधी खाकरायचा आणि मग एकदम मुद्द्यावर यायचा. तेजसला वाटे की काकांना घशाचा त्रास आहे.

तर या तेजसनं एप्रिलमध्ये त्याला बोलावून सांगितलं की डिसेंबरात अमेरिकेचे क्लायंट येणार, दर वर्षीसारखा गोल्फ डे होणार, आणि काका आता लीडरशिप टीममध्ये असल्यामुळं काकांनी खेळलंच पाहिजे. उत्तरेश्वर म्हणाला की मला विटीदांडूपलीकडं काही येत नाही. तेजस म्हणाला, दोन-चार क्लास लावा, होऊन जाईल. त्या ऑफिसात सगळंच असं होऊन जायचं. सकाळी ट्रेनिंग, दुपारी जेवण, संध्याकाळी सर्टिफिकेट. उत्तरेश्वरकडं आग विझवण्याचं एक सर्टिफिकेट होतं, नेतृत्वाचं एक होतं, आणि वेळेच्या नियोजनाचंही एक होतं. ते घ्यायला गेला त्या दिवशी कँटीनचं जेवण तासभर उशिरा लागलं होतं.

चौकशी करता करता त्याला गेनबाची रेंज, म्हणजे चेंडू मारायच्या सरावाची जागा, सापडली. गेनबा हा मांजरीकडचा शेतकरी. नदीच्या अंगाला त्याचं एक लांबट रान होतं. पूररेषेत अडकल्यामुळं बिल्डर तिकडं ढुंकून बघत नव्हते. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की आयटीवाल्यांसाठी गोल्फ काढ. गेनबानं उसाचे खुंट उपटले, जाळ्या बांधल्या, पत्र्याखाली हिरव्या मॅट अंथरल्या आणि बादलीच्या हिशेबानं चेंडू द्यायला सुरुवात केली. गोल्फच्या काठीला तो हॉकी म्हणायचा. कुणी सुधारलं तर म्हणायचा, हानायचीच हाय ना, मग नाव काय बी असू द्या.

शिकवायला दर रविवारी यायचे यज्ञेश्वर केळशीकर सर. पंचाहत्तरीचे, ताठ, पांढरी टोपी, इस्त्रीची पँट. खडकीला संरक्षण खात्यात नोकरी करता करता लष्करातल्या साहेब लोकांबरोबर खेळून ते तयार झाले होते आणि पुढं तीसेक वर्षं त्यांनी अर्ध्या पुण्याला गोल्फ शिकवला होता. त्यांची मुलगी भाग्यश्री त्यांना स्कूटरवर मागं बसवून आणायची आणि तास संपेपर्यंत बाकावर वाचत बसायची.

पहिल्या रविवारी त्यांच्यासमोर पाच जण होते. उत्तरेश्वर सोडून बाकी चौघं हिंजवडीची पोरं. सरांनी प्रत्येकाला नाव विचारलं आणि मग सगळ्यांच्या हातातून चेंडूच्या बादल्या काढून घेतल्या. काठी कशी धरायची ते आधी दाखवलं. डावा हात, अंगठा दांड्यावर सरळ, मग त्याला बिलगून उजवा. जोर किती, तर पाहुण्याच्या हातात भरलेला कप बशीसकट देताना असतो तितकाच. मग पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे किंचित सैल. मग खांदे, जिकडं चेंडू जायला हवा तिकडच्या रेघेला समांतर. मग काठी कमरेपर्यंत मागं न्यायची, पुढं आणायची, आणि शेवटी तोल सांभाळून सर पुरे म्हणेपर्यंत तसंच उभं राहायचं. उत्तरेश्वरनं पहिली काठी फिरवली तेव्हा सर शांतपणे म्हणाले की अंगण छान झाडलंत, आता गोल्फ खेळू या.

आणि तास संपताना त्यांनी सांगितलं, "रोज सकाळी हे एवढंच करायचं. चेंडू लावायचा नाही. चेंडू, मी सांगेन तेव्हा."

पोरांची तोंडं वाकडी झाली. उत्तरेश्वरला मात्र, का कोण जाणे, भडभडून आलं. गेली कित्येक वर्षं कुणी त्याच्याशी असं बोललंच नव्हतं.

त्याचं कारण गावाकडं होतं. लहानपणी तो कचरूबुवांकडं पखवाज शिकायला जायचा. बुवांची पद्धत अशी की पोरानं आधी बोल तोंडी म्हणायचे. हातानं टाळी, तोंडानं बोल, नुसतं तेवढंच. पखवाज समोर खुंटीला. हात लावायचा नाही. किती दिवस, तर बुवा सांगतील तेव्हा. आणि कधी, असं विचारायचं नाही. जो विचारेल तो आणखी मागं पडे. उत्तरेश्वरनं कधीच विचारलं नाही. त्याचे बोल पाण्यासारखे वाहायला लागले होते आणि बुवा आज म्हणतील, उद्या म्हणतील, अशी आशा लागली होती. नेमकं तेव्हाच मामानं पुण्यात कामाला लावायचं ठरवलं आणि त्याला एसटीत बसवलं. पुढच्या वर्षी बुवा गेले. "हां, वाजव आता" हे शब्द त्याच्या वाट्याला आलेच नाहीत. अजूनही मीटिंगमध्ये त्याची बोटं टेबलाखाली मांडीवर चालत असत.

तेव्हा उत्तरेश्वरला काय हवं होतं ते इथंच सांगून टाकतो. त्याला गोल्फ नको होता. क्लायंटसमोर हसं होऊ नये ही काळजी होती, ती होतीच. पण त्याच्या आत जे अडकून बसलं होतं ते वेगळंच होतं. एका जाणत्या माणसानं आपल्याकडं बघून एकदा तरी म्हणावं, झालं, आता मार.

तो कामाला लागला. रोज पहाटे गच्चीवर. सोलरच्या टाक्या आणि मुक्ताच्या कुरडयांची प्लॅस्टिकं यांच्यामध्ये जेवढी जागा उरे तेवढ्यात त्यानं खडूनं रेघा आखल्या, पायांची एक आणि खांद्यांची एक. आधी हात बसवायचे, सोडायचे, पुन्हा बसवायचे. मग पाय, मग खांदे. मग काठी कमरेपर्यंत, आणि शेवटी पुतळ्यागत उभं. पुरे म्हणायला सर नसल्यामुळं तो मनातल्या मनात बुवांचा एक बोल म्हणायचा आणि तो संपला की हलायचा. मुक्ता, म्हणजे त्याची बायको, एकदा वाळवण काढायला आली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चेंडू कुठाय?" तो म्हणाला की नाहीये. ती म्हणाली, बरं, आणि कुरडया घेऊन खाली गेली. पंधरवड्यानं सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: गच्चीत खेळू नये. खेळत असल्यास काय खेळत आहात ते सेक्रेटरींना कळवावे.

दुसऱ्या रविवारी सरांनी पुन्हा सगळ्यांना नावं विचारली. पुन्हा काठी धरायला शिकवली. कप, बशी, पाहुणा. पुन्हा पाय आणि खांदे. जाताना पुन्हा, चेंडू मी सांगेन तेव्हा. तिसऱ्या रविवारी तेच. पोरं आपसात कुजबुजली की सेम सिलॅबस रिपीट होतोय, आणि शेजारच्या मॅटवर बादल्या घेऊन धडाधड मारायला लागली. पुढं ती यायचीच बंद झाली. उत्तरेश्वर उरला एकटा.

त्याला वाटलं, बुवांसारखंच आहे हे. माझं काहीतरी चुकतंय, आणि ते माझं मला सापडेपर्यंत हा माणूस पुढं सरकणार नाही. मग तो चूक शोधायला लागला. अंगठा जरा जास्त वळतोय का? असेल. आठवडाभर अंगठा. पुढच्या रविवारी सर पुन्हा अंगठ्यापासूनच सुरू. म्हणजे अंगठा नव्हता. मग गुडघे असतील. आठवडाभर गुडघे. ऑफिसात बसचं वेळापत्रक समजावताना तो गुडघे सैल सोडून उभा राहायला लागला, तेव्हा ड्रायव्हर एकमेकांकडं बघायला लागले. सर पुन्हा अंगठ्यावर. त्याचं डोकं पार चक्रावून गेलं.

आणि नावाचं काय करायचं? दर रविवारी सर विचारायचे, आपलं नाव? दर रविवारी हा सांगायचा, उत्तरेश्वर लोमटे. सर म्हणायचे, वा, गाव कोणतं? उत्तरेश्वरनं स्वतःची समजूत घातली की मोठ्या माणसांचं असंच असतं. जोवर काही करून दाखवत नाही तोवर आपण त्यांच्या लेखी कुणीच नाही. त्याला वाईट वाटायचं, पण पटायचंही.

पुढं पुढं तर आणखी घोटाळा झाला. एका रविवारी त्यानं काठी धरताच सर थबकले. त्याच्या हातांकडं बघून म्हणाले की पहिल्याच दिवशी अशी पकड, कमालच आहे, आधी कुठं शिकला होतात का? उत्तरेश्वर कानापर्यंत लाल झाला. पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर त्याला एवढं नक्की कळलं होतं की इथला माणूस कौतुक करायला लागला की समजावं, आपलं काहीतरी भयंकर चुकलं आहे. तो रात्रभर तळमळला आणि दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून आणखी लवकर उठला.

तेजसनं मधे त्याला एक सीडी दिली. त्यात एक गोरा माणूस हसत हसत सांगत होता की पहिल्या दिवसापासून चेंडू मारा आणि मजा करा. उत्तरेश्वरनं ती अर्ध्यात बंद केली आणि मुक्तानं बघितलं तर नाही ना, म्हणून मागं वळून पाहिलं. इकडं गेनबाही वैतागला होता. बादली न घेता मॅट अडवून बसणाऱ्या गिऱ्हाइकाला काय लावायचं, हे त्याला समजत नव्हतं. शेवटी त्यानं उत्तरेश्वरला सावलीचं भाडं लावलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी तास संपल्यावर सर हात धुवायला गेले, तशी भाग्यश्री उठून उत्तरेश्वरपाशी आली. हातात फराळाचा डबा होता. तो घ्यायचा, न घ्यायचा, असं करत असतानाच ती म्हणाली, "काका, कसे आभार मानू तेच कळत नाही. आता कुणी येत नाही. तुम्ही मात्र दर रविवारी नव्यानं नाव सांगता, तेच तेच शिकता, बाबांना एका शब्दानं जाणवू देत नाही. डॉक्टर म्हणतात, हा एक तास आहे म्हणून ते उभे आहेत."

उत्तरेश्वरला आधी काही समजलंच नाही. तिनं पुढं सांगितलं की दोन वर्षं झाली, बाबांना नवीन काही लक्षात राहत नाही. जुनं सगळं लख्ख आहे, पण सकाळचं दुपारी पुसलेलं असतं. मग त्याच्या चेहऱ्याकडं बघून तिचाच चेहरा उतरला. ती म्हणाली, तुम्हाला माहीत आहे असंच आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही इतकं सांभाळून घेताय, असं आई रोज म्हणते.

तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? डबा घेतला, मोटारसायकलवर बसला आणि मुंढव्याच्या पुलावर त्याच्या लक्षात आलं की आपण हेल्मेट रेंजवरच विसरलो. आता मी विसरायला लागलो, असं तो स्वतःशीच पुटपुटला, आणि त्याला संताप आला. कुणाचा आला तेही धड कळेना. सहा महिने पहाटे उठलो, ड्रायव्हरांचं हसू झेललं, आणि चूक अशी नव्हतीच? मग लाजही वाटली. ती मुलगी आपल्याला देवमाणूस समजत होती, आणि आपण तर कुणाला सांभाळून घेतलं नव्हतं. आपण शिष्य समजून बसलो होतो स्वतःला. आता आपण ना देवमाणूस, ना शिष्य. मग आपण तिथं करत होतो काय?

त्यानं मुक्ताला सगळं सांगितलं. ती चकली खात ऐकत होती. तिनं एकच विचारलं, पण तुम्हाला आलं की नाही? तो म्हणाला की ते कसं कळणार, चेंडूच लावला नाही. मग लावा, ती म्हणाली. तो म्हणाला की सरांनी सांगितलं नाही. मुक्ता डब्याचं झाकण लावून उठली. ज्या माणसाला काल सांगितलेलं आज आठवत नाही, त्याचा शब्द मोडायचा की पाळायचा? आणि त्यांनी मनाई केली ती मला, की दर रविवारी येणाऱ्या एका नव्याच माणसाला? उत्तरेश्वर यावर जितका विचार करी तितका जास्त गुंतत जाई.

अखेर गोल्फ डेच्या आधीच्या रविवारी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ते केलं जे बुवांसमोर कधी केलं नव्हतं. त्यानं विचारलं. काठी धरून, पाय रोवून, खाली मॅटकडं बघत विचारलं की सर, आता चेंडू लावू का?

सरांनी टोपी जरा वर सरकवली. "पहिल्याच दिवशी? फार घाई असेल तर शेजारच्या मॅटवर जा, तिथं सगळे मारताहेत. शिकायचं असेल तर चेंडू, मी सांगेन तेव्हा."

बाकावर भाग्यश्रीनं पुस्तकात डोकं खुपसलं. उत्तरेश्वर बरं म्हणाला. इथून पुढं कितीही वर्षं आलो तरी हा पहिलाच दिवस असणार आहे, आणि पहिल्या दिवशी कुणी परवानगी देत नसतं, हे त्याला तेव्हा स्वच्छ दिसलं.

शुक्रवारी गोल्फ डे उजाडला. पाठ धरली आहे, असं सांगायचं त्यानं ठरवलं होतं, पण तेजसनं सगळ्यांसमोर खांद्यावर हात टाकून त्याला ओढलंच. आधी तेजसनं मारला. चेंडू तिरका जाऊन बाभळीत शिरला. मग उत्तरेश्वरची पाळी. भोवती ऑफिसची मंडळी, चार अमेरिकन आणि मोबाइलवर फोटो काढायला टपलेली पोरं. टीवर, म्हणजे जमिनीत खोचलेल्या लाकडी खुंटीवर, चेंडू त्यानं दोनदा ठेवून बघितला, कारण तसा चेंडू ठेवण्याचीसुद्धा ही पहिलीच खेप होती. मग त्याला सुचेना म्हणून जे येत होतं ते तो करायला लागला. डावा हात, अंगठा, उजवा. कप, बशी, पाहुणा. पाय, गुडघे, खांदे. काठी मागं गेली आणि आली. टक्क असा बारीक आवाज झाला. तो सवयीनं तसाच उभा राहिला आणि मनात बोल म्हणत राहिला. चेंडू कुठं गेला ते त्यानं बघितलंच नाही. बोल संपल्यावर बघितलं तर सगळे टाळ्या वाजवत होते आणि चेंडू लांब, मधोमध, हिरवळीवर पडला होता.

पुढं काही सगळंच असं झालं नाही. वाळूच्या खड्ड्यातून बाहेर यायला त्याला युगं लागली, आणि भोकात चेंडू ढकलायचं तर सरांनी कधी काढलंच नव्हतं, तिथं त्यानं यथेच्छ हसं करून घेतलं. पण लांबचे फटके सरळ गेले. एका अमेरिकनानं त्याच्या हातांचा फोटो काढला. तेजस म्हणाला, काका, भारी, क्लास कुठला लावला? उत्तरेश्वर खाकरला, पण पुढं बोलला नाही. सगळ्यांच्या टाळ्या मिळाल्या होत्या आणि त्याला चोरी केल्यासारखं वाटत होतं. सरांनी नको म्हटलेलं त्यानं केलं होतं, तेही आठवड्याच्या आत.

रविवारी तो गेला ते कबूल करायलाच. सर टोपी घालून मॅटपाशी उभे होते. आपलं नाव, त्यांनी विचारलं. त्यानं नाव सांगितलं नाही. तो म्हणाला, "सर, मी चेंडू मारला. न विचारता मारला."

सर गोंधळले. म्हणाले की चेंडू मारायलाच असतो, त्यात मला काय सांगायचं? उत्तरेश्वरनं भाग्यश्रीकडं बघितलं. ती मान हलवत नको म्हणत होती. तो चाचरत म्हणाला की मी एका सरांकडं शिकतो, त्यांनी मनाई केली होती.

सरांना हे पटलं असावं. ते म्हणाले की बघू तरी. गेनबा हे ऐकूनच धावत बादली घेऊन आला. घेतली बाबा एकदाची बादली, असं म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं चेंडू मॅटवर ठेवला. उत्तरेश्वरनं हात बसवले आणि मारला. सरांनी बोटानं आणखी एक, अशी खूण केली. मग आणखी एक. मग ते चालत पुढं आले, त्याचे दोन्ही हात काठीसकट आपल्या हातात घेतले, अंगठ्यावरून आपला अंगठा फिरवला आणि बराच वेळ तसेच बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि गेलं.

"कोण आहेत तुमचे सर?"

"आहेत जुने," उत्तरेश्वर म्हणाला. "खडकीकडचे."

"माणूस खडूस दिसतो. पण पाया असा घातलाय की हलणार नाही. आता असं कुणी शिकवत नाही हो. कुणाला तेवढा धीर आहे?" सरांनी त्याचे हात सोडले. "झालंय तुमचं. मारा खुशाल. त्यांना सांगा, मी सांगितलं म्हणून. आणि त्यांना सोडून माझ्याकडं येऊ नका. परत जा त्यांच्याकडं, माझा नमस्कार सांगा."

उत्तरेश्वरला काय करावं ते सुधरेना. जे ऐकायला तो लहानपणापासून ताटकळला होता ते त्याला मिळालं होतं, आणि देणाऱ्याला आपण काय दिलं याचा पत्ता नव्हता. त्यानं काठी खाली ठेवली, वाकला आणि सरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

सर दोन पावलं मागं सरले. "अहो, मला काय करता?" ते म्हणाले. "त्यांना सांगा म्हटलं मी."

"हो सर," तो तसाच वाकून म्हणाला. "त्यांनाच सांगतोय."